ओठ आधी, आवाज मागाहून : बिनतारी स्पीकरच्या विलंबाचे गणित

प्रतिनिधी

शहरी घरांतील दिवाणखान्यातून वायरींचे जाळे गेल्या काही वर्षांत झपाट्याने नाहीसे झाले आहे. डेक, टेपरेकॉर्डर आणि त्यांच्यामागून भिंतीलगत धावणाऱ्या तारा जाऊन त्यांच्या जागी तळहातावर मावणारे ‘ब्लूटूथ’ स्पीकर आले. मोबाइलमधील गाणे क्षणार्धात खोलीभर घुमू लागते, ही त्यांची मोठीच सोय. मात्र हाच स्पीकर दूरचित्रवाणी संचाला जोडला की अनेकांना वेगळा अनुभव येतो. पडद्यावरील निवेदिकेचे ओठ मिटतात आणि शब्द मागाहून कानी पडतात. मुलांच्या गेममध्ये बंदूक झाडली जाते आणि बार उशिरा होतो. ‘कराओके’वर गाणाऱ्याला स्वतःचाच आवाज प्रतिध्वनीसारखा ऐकू येऊन ताल चुकतो. स्पीकरमध्येच काही बिघाड असावा, असा समज होऊन तो दुरुस्तीला दिला जातो किंवा दुसरा, अधिक महागडा स्पीकर घरात येतो. बहुधा तोही तसाच वागतो आणि खर्च वाया जातो.

वस्तुस्थिती अशी की, हा विलंब बहुतेक वेळा बिघाड नसतो. आवाज मध्येच तुटू नये म्हणून या तंत्रज्ञानाने जाणूनबुजून मोजलेली ती किंमत आहे. केवळ गाणी ऐकणाऱ्याला ती जाणवतही नाही. चित्रपट पाहणाऱ्याला ती कधी जाणवते, कधी नाही. वाद्य वाजवणाऱ्याला मात्र ती परवडत नाही आणि ओठांच्या हालचालींवर विसंबून राहणाऱ्या कर्णबधिर व्यक्तीला तर ती थेट अडथळा ठरते. म्हणूनच ‘कोणता स्पीकर चांगला’ या प्रश्नाआधी ‘तो कोणत्या कामासाठी हवा’ या प्रश्नाचे उत्तर शोधणे आवश्यक आहे.

उशीर होतो कोठे?

रेडिओलहरी प्रकाशाच्या, म्हणजे सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर वेगाने जातात. त्यामुळे मोबाइलपासून खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या स्पीकरपर्यंतचा त्यांचा प्रवास सेकंदाच्या एका कोट्यंश भागाहूनही कमी वेळात संपतो. विलंब प्रवासात होत नाही. तो निघण्यापूर्वी आणि पोहोचल्यानंतर होतो.

कॉम्पॅक्ट डिस्कच्या दर्जाच्या ध्वनीत दर सेकंदाला ४४,१०० नमुने घेतलेले असतात आणि दोन्ही वाहिन्या मिळून सेकंदाला सुमारे १४ लाख ‘बिट’ एवढी माहिती साठते. ‘ब्लूटूथ’ची वाट अरुंद असल्याने एवढा ऐवज त्यातून अखंडपणे पाठवणे जिकिरीचे होते. त्यामुळे मोबाइल प्रथम मूळ ध्वनी उलगडतो, मग तो दाबून लहान करतो, त्याचे छोटे गठ्ठे बांधतो आणि एकामागोमाग एक रवाना करतो. स्पीकर ते गोळा करतो, क्रमाने लावतो, पुन्हा उलगडतो आणि अखेरीस त्यांचे विद्युतलहरीत रूपांतर करून पडद्याला कंप देतो. यातील प्रत्येक पायरीला काही मिलिसेकंद लागतात. एक मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग.

सर्वाधिक वेळ मात्र स्पीकरमधील तात्पुरत्या साठ्यात जातो. तंत्रज्ञ त्याला ‘बफर’ म्हणतात. गृहनिर्माण सोसायटीच्या गच्चीवरील पाण्याच्या टाकीशी त्याची तुलना करता येईल. पालिकेचे पाणी कधी जोरात येते, कधी बारीक धारेने, तर कधी येतच नाही. तरीही टाकीत साठा असेल तर घरातील नळ एकसारखा वाहत राहतो. टाकी मोठी असेल तर खंडाची धास्ती कमी. मात्र नळातून येणारे पाणी अगोदर भरलेले असते. ‘बफर’चेही तसेच आहे. साठा मोठा ठेवला तर गाणे तुटत नाही, पण ते तेवढे उशिरा ऐकू येते. साठा कमी केला तर आवाज लवकर येतो, पण जरा अडथळा येताच तो खडखडू लागतो. निर्मात्यांनी आजवर बहुधा पहिला पर्याय निवडला. गाणे अर्धा क्षण उशिरा आल्याची तक्रार कोणी करत नाही, मध्येच तुटल्याची मात्र सारेच करतात.

हे अडथळे येतात कोठून? ‘ब्लूटूथ’ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात काम करते. कमी शक्तीच्या उपकरणांना या पट्ट्यासाठी परवाना लागत नसल्याने तेथे मोठी गर्दी आहे. घरचे आणि शेजारचे ‘वाय-फाय’, बिनतारी माऊस, स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह ओव्हन हे सारे त्याच परिसरात वावरतात. या गर्दीतून वाट काढण्यासाठी मूळ ‘ब्लूटूथ’ पद्धतीत ७९ वाहिन्यांची सोय असून उपकरणे सेकंदाला १,६०० वेळा वाहिनी बदलतात. तरीही एखादा गठ्ठा हरवला तर तो पुन्हा पाठवावा लागतो आणि तोवर साठ्यावर भागवावे लागते. शिवाय मानवी शरीरात पाण्याचे प्रमाण मोठे असल्याने या लहरी शरीरात शोषल्या जातात. मोबाइल पँटच्या मागच्या खिशात आणि स्पीकर समोर, अशा स्थितीत आवाज का तुटतो, याचे उत्तर येथे मिळते.

या तंत्राचा उगमही ध्यानात घेण्याजोगा आहे. स्वीडनच्या ‘एरिक्सन’ कंपनीत १९९४ मध्ये त्यावर काम सुरू झाले ते मोबाइल आणि त्याच्या जोड-उपकरणांमधील तार काढून टाकण्यासाठी. पाच कंपन्यांनी एकत्र येऊन १९९८ मध्ये त्यासाठी संघटना स्थापन केली. उच्च दर्जाचे दुहेरी वाहिन्यांचे संगीत पाठवण्याची ‘ए२डीपी’ ही नियमावली २००३ मध्ये आली. तिने ‘एसबीसी’ ही ध्वनिसंक्षेपाची पद्धत प्रत्येक उपकरणाला सक्तीची केली. त्यामुळे कोणताही मोबाइल कोणत्याही स्पीकरशी जुळतो, हा मोठाच लाभ झाला. गाणे ऐकवणे हा या नियमावलीचा हेतू होता. चित्राशी आवाज जुळवणे हे काम तिच्यावर पुढे येऊन पडले.

परिणामी, साध्या ‘ब्लूटूथ’ स्पीकरमध्ये सर्वसाधारणपणे १५० ते २५० मिलिसेकंदांचा विलंब आढळतो. काही संचांत तो याहूनही अधिक असतो.

डोळा आणि कान यांचा हिशेब

पाव सेकंदाच्या आतल्या या विलंबाने एवढा फरक का पडावा? त्यासाठी निसर्गातील आवाजाचा वेग पाहावा लागेल. २० अंश सेल्सियस तापमानाला हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे एका मीटरला त्याला जवळपास तीन मिलिसेकंद लागतात. मैदानाच्या कडेला उभे राहून क्रिकेट पाहणाऱ्याला फलंदाजाची बॅट फिरलेली आधी दिसते आणि ‘टक’ असा आवाज नंतर येतो. धोबीघाटावर पुलावरून पाहणाऱ्याला कपडा दगडावर आपटलेला दिसतो, आवाज मागाहून येतो. वीज आणि गडगडाट यांचे नातेही हेच. दृश्य आधी आणि ध्वनी नंतर, हा क्रम मेंदूच्या अंगवळणी पडला आहे. उलटा क्रम निसर्गात घडत नाही.

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने १९९८ मध्ये प्रक्षेपणासाठी केलेल्या शिफारशीत हाच कल दिसतो. आवाज चित्राच्या सुमारे ४५ मिलिसेकंद पुढे गेला तरी प्रेक्षकाला ते जाणवू लागते. मात्र आवाज मागे पडला असेल तर सुमारे १२५ मिलिसेकंदांपर्यंत ते सहसा लक्षात येत नाही. आवाज १८५ मिलिसेकंदांहून अधिक मागे पडला की तो अस्वीकारार्ह ठरतो. साध्या ‘ब्लूटूथ’चा १५० ते २५० मिलिसेकंदांचा विलंब नेमका याच सीमेवर घुटमळतो. एकाच घरात वडिलांना काहीच खटकत नाही आणि मुलगी ‘आवाज मागे आहे’ म्हणून हैराण होते, यात दोघांपैकी कोणीच चूक नसते.

चित्रपटाच्या भाषेत सांगायचे, तर सेकंदाला २४ चित्रे दाखवली जातात, म्हणजे एक चित्र पडद्यावर सुमारे ४२ मिलिसेकंद राहते. २०० मिलिसेकंदांचा विलंब म्हणजे जवळजवळ पाच चित्रांचा फरक. बोलपट आल्यापासून चित्रपटसृष्टी ही जुळणी सांभाळत आली आहे. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ आणि १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ पडद्यावर बोलू लागले. आवाज वेगळा मुद्रित करून चित्राशी जुळवण्याची पद्धत रुळल्यावर चित्रीकरणातील लाकडी ‘क्लॅप’ त्यासाठीच कामी येऊ लागला. फळी आपटल्याचे चित्र आणि तिचा आवाज एका रेषेत आणला की पुढचे सारे जुळते.

ओठ आणि आवाज यांचे नाते केवळ सौंदर्याचे नाही. हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडोनाल्ड या मानसशास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये दाखवून दिले की, कानावर ‘बा’ पडत असताना डोळ्यांना ‘गा’ म्हणणारे ओठ दिसले, तर अनेकांना ‘डा’ असे तिसरेच अक्षर ऐकू येते. बोलणे समजून घेताना मेंदू डोळ्यांचीही साक्ष काढतो, हे त्यातून स्पष्ट झाले.

मोबाइलवर चित्रपट नीट, गेम मात्र बेताल

त्याच मोबाइलला तोच स्पीकर जोडून चित्रपट पाहिला तर ओठ बरोबर जुळतात आणि गेम सुरू केला की आवाज रेंगाळतो, हा अनेकांना पडलेला पेच आहे. त्याचे उत्तर सोपे आहे. चित्रपटात पुढे काय घडणार हे मोबाइलला ठाऊक असते. स्पीकरला किती उशीर होणार याचा अंदाज मोबाइलची प्रणाली व्हिडिओच्या अॅपला देते आणि अॅप चित्रच तेवढा वेळ रोखून धरते. आवाज उशिराच येतो, पण चित्रही त्याच्यासोबत उशिरा येते. पाहणाऱ्याला काहीच कळत नाही.

गेममध्ये ही युक्ती चालत नाही. खेळणारा कळ केव्हा दाबणार, हे यंत्राला आधी कसे कळावे? चित्र रोखले तर खेळच मंदावेल. म्हणून चित्र लगेच येते आणि आवाज आपल्या गतीने मागून येतो. मोबाइलच्या पडद्यावरील पियानो वाजवताना, टंकलेखनाचा टिकटिक आवाज ऐकताना हाच अनुभव येतो. सूत्र असे की, आधी मुद्रित झालेल्या गोष्टीत विलंब लपवता येतो. त्या क्षणी घडणाऱ्या गोष्टीत तो लपवता येत नाही.

संगणकावर ‘व्हीएलसी’सारखा प्लेयर वापरणाऱ्यांना ही दुरुस्ती हाताने करता येते. त्यात ‘जे’ आणि ‘के’ या कळा दाबून आवाज ५० मिलिसेकंदांच्या टप्प्यांनी चित्राच्या मागे-पुढे सरकवता येतो. संगणकाच्या बाबतीत आणखी एक खबरदारी घ्यावी लागते. एकच स्पीकर ध्वनियादीत कधी दोन नावांनी दिसतो : एक ‘स्टिरिओ’ आणि दुसरे ‘हँड्सफ्री’. दुसरे नाव निवडले गेले की मायक्रोफोन चालू होतो आणि संगीताचा दर्जा दूरध्वनीसारखा होतो. ‘स्पीकर अचानक किणकिणू लागला’ या तक्रारीमागे अनेकदा एवढेच कारण असते.

दूरचित्रवाणी संचाची गुंतागुंत

खरी अडचण येते ती दूरचित्रवाणी संचाला ‘ब्लूटूथ’ स्पीकर जोडल्यावर. सेट-टॉप बॉक्समधून चित्र आणि आवाज एकत्र येतात. संच चित्रावर स्वतंत्र प्रक्रिया करतो आणि आवाज ‘ब्लूटूथ’ने बाहेर पाठवतो. चित्र किती रोखायचे याचा हिशेब काही संच करतात, काही करत नाहीत. संचाच्या ध्वनिविषयक पर्यायांत ‘ऑडिओ डिले’, ‘एव्ही सिंक’ किंवा ‘लिप सिंक’ असे एखादे नाव सापडते. ते पाहून सुटकेचा निःश्वास टाकण्यापूर्वी एक बाब तपासावी. अनेक संचांत हा पर्याय आवाज केवळ आणखी मागे ढकलतो. चित्र रेंगाळत असेल, तर त्याचा उपयोग आहे. आवाजच मागे पडला असेल, तर तो शून्यावर ठेवण्याखेरीज त्याच्याकडून काही मिळणार नाही.

‘गेम मोड’ हा असाच एक सापळा. त्यात चित्रावरील प्रक्रिया कमी होऊन ते लवकर दिसू लागते. मात्र आवाज ‘ब्लूटूथ’वरून येत असेल, तर चित्र लवकर आल्याने दोहोंतील अंतर वाढलेलेच दिसते.

यावर खात्रीचा उपाय जुनाच आहे, तो म्हणजे तार. स्पीकर एका जागी राहणार असेल, तर तो ‘ऑक्स’, ‘ऑप्टिकल’ किंवा ‘एचडीएमआय’ तारेने जोडावा. २००९ नंतरच्या अनेक संचांत एका ‘एचडीएमआय’ छिद्राजवळ ‘एआरसी’ अशी अक्षरे दिसतात. तेथून आवाज साउंडबारकडे परत जातो आणि बहुधा संचाचाच रिमोट त्याचा आवाज कमी-जास्त करतो. पुढे २०१७ मध्ये जाहीर झालेल्या ‘ई-एआरसी’मध्ये तर ओठ आणि आवाज यांच्या जुळणीची तरतूद नियमावलीतच करण्यात आली.

साउंडबारसोबत येणारा बिनतारी ‘सबवूफर’ मात्र सहसा त्रास देत नाही. दोन्ही पेट्या एकाच निर्मात्याच्या असतात, त्यांच्यातील दुवा त्याने स्वतः आखलेला असतो आणि विलंबाचा मेळ कारखान्यातच घातलेला असतो.

येथे दोन निराळ्या विलंबांची गल्लत टाळली पाहिजे. सामना रंगात आला असताना शेजारच्या घरातून ‘आऊट’चा जल्लोष आधी येतो आणि आपल्या पडद्यावर गोलंदाज अजून धावतच असतो. हा स्पीकरचा दोष नव्हे. उपग्रहापर्यंत जाऊन येण्यास संदेशाला सुमारे पाव सेकंद लागतो, तर चित्र दाबून पाठवण्यात आणि इंटरनेटवरील साठ्यात कित्येक सेकंद जातात. तेथे चित्र आणि आवाज दोन्ही सारखेच उशिरा येतात. घरातील स्पीकर बदलून त्यात फरक पडणार नाही.

रियाज, कराओके आणि चुकणारी सम

संगीत शिकणाऱ्यांसाठी ‘ब्लूटूथ’ स्पीकर कितपत योग्य, हा प्रश्न मराठी घरांत हटकून विचारला जातो. याचे उत्तर कामाप्रमाणे बदलते.

मोबाइलमधील तानपुरा स्पीकरवर लावून रियाज करण्यास काहीच हरकत नाही. तानपुऱ्याचा नाद अखंड असतो. तो २०० मिलिसेकंद उशिरा आला काय, न आला काय, गाणाऱ्याला फरक पडत नाही. तबल्याचा ठेका लावून गाण्यासही बाधा नाही, कारण गाणारा जे कानांनी ऐकतो त्याच्यासोबतच गातो. ठेका मोबाइलमधून केव्हा निघाला याच्याशी त्याचे देणेघेणे नसते.

गणित बिघडते ते ध्वनिमुद्रण करताना. मोबाइलवर ठेका लावून तो ‘ब्लूटूथ’ने ऐकत गायल्यास गायक उशिरा पोहोचलेल्या ठेक्याबरोबर गातो. मायक्रोफोन मात्र त्याचा आवाज लगेच टिपतो. दोन्ही एकत्र केल्यावर गाणे ठेक्याच्या मागे पडलेले आढळते. मिनिटाला १८० मात्रांच्या द्रुत लयीत एक मात्रा सुमारे ३३३ मिलिसेकंदांची असते. २०० मिलिसेकंदांचा विलंब म्हणजे अर्ध्या मात्रेहून अधिक! सम चुकल्याचा ठपका विद्यार्थ्यावर येतो आणि दोष असतो तो यंत्राचा. ध्वनिमुद्रणाच्या वेळी म्हणूनच तारेचा हेडफोन वापरणे इष्ट.

इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड किंवा ऑक्टोपॅडचा आवाज ‘ब्लूटूथ’ने स्पीकरवर नेणे तर टाळावेच. बोट पट्टीवर पडल्यानंतर २०० मिलिसेकंदांनी सूर ऐकू येणे म्हणजे स्वतःच वाजवलेला सूर सुमारे ७० मीटर अंतरावरून ऐकण्यासारखे आहे. क्रिकेटच्या तीन खेळपट्ट्या एकापुढे एक मांडल्या तरी ते अंतर भरून निघत नाही.

‘कराओके’च्या बाबतीत मायक्रोफोन कोठे जोडला आहे, यावर सारे अवलंबून असते. तो थेट स्पीकरमध्ये जोडला असेल, तर गायकाचा आवाज ‘ब्लूटूथ’च्या वाटेने जातच नाही. संगीत उशिरा येते, पण गायक त्याच्यासोबतच गातो आणि दोन्ही जुळतात. पडद्यावरील ओळी तेवढ्या काही अॅपमध्ये किंचित आधी रंगतात. मायक्रोफोन मोबाइलला जोडून आवाज पुन्हा ‘ब्लूटूथ’ने स्पीकरवर आणला, तर मात्र गायकाला स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येतो. याचा परिणाम मोठा असतो. बर्नार्ड ली या संशोधकाने १९५० मध्ये नोंदवले होते की, स्वतःचा आवाज सेकंदाच्या अंशाने उशिरा कानी पडला तर एरवी अस्खलित बोलणारा माणूसही अडखळू लागतो. पुढील अभ्यासांत सुमारे २०० मिलिसेकंदांच्या विलंबाने बोलणे सर्वाधिक विस्कळीत होते, असे आढळले. साध्या ‘ब्लूटूथ’चा विलंब नेमका तेवढाच आहे.

करोनाच्या साथीत, २०२० पासून अनेक गायन-वादन वर्ग ऑनलाइन भरू लागले आणि परदेशस्थ मराठी कुटुंबांतील मुलेही मुंबई-पुण्यातील गुरूंकडे शिकू लागली. तेथे इंटरनेटचा विलंब आधीच असतो. मुंबई ते न्यूयॉर्क हे सरळ अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे एका बाजूच्या प्रवासालाच किमान ६२ मिलिसेकंद हवेत. प्रत्यक्षात केबलची वाट वळणाची असल्याने वेळ अधिकच लागतो. त्यात दोन्हीकडे ‘ब्लूटूथ’ची भर पडली, तर गुरू-शिष्यांनी एकत्र गाणे अशक्यच होते. आधी गुरूंनी गावे, मग शिष्याने म्हणावे, हीच पद्धत तेथे चालते. ‘ब्लूटूथ’ काढून तारेचा हेडफोन लावल्यास संवादातील अडखळ तरी कमी होते.

दोन स्पीकर, एक आवाज

सोसायटीच्या सभागृहात किंवा गणेशोत्सवाच्या मंडपात एक स्पीकर तारेने आणि दुसरा ‘ब्लूटूथ’ने जोडला की भाषण दोनदा ऐकू आल्यासारखे वाटते. जर्मन शास्त्रज्ञ हेल्मुट हास यांनी १९४९ मध्ये यावर मूलभूत अभ्यास केला. एकच आवाज दोन दिशांनी थोड्या फरकाने आला, तर सुमारे ३० ते ४० मिलिसेकंदांपर्यंत मेंदू त्यांना एकच मानतो. फरक त्याहून बराच वाढला की प्रतिध्वनी ऐकू येतो. तारेचा स्पीकर तत्काळ बोलतो आणि ‘ब्लूटूथ’चा २०० मिलिसेकंदांनी, म्हणून शब्द एकमेकांवर आदळतात.

मोठ्या सभागृहात तर तारेच्या स्पीकरनाही हा नियम लागू होतो. व्यासपीठापासून ३४ मीटरवरील स्पीकर लगेच बोलला, तर तेथील श्रोत्याला जवळचा आवाज आधी आणि व्यासपीठाकडचा १०० मिलिसेकंदांनी ऐकू येतो. म्हणून जाणकार ध्वनितंत्रज्ञ मागचे स्पीकर मुद्दाम तेवढे उशिरा वाजवतो. तेथे विलंब हा उपाय असतो.

घरी दोन स्पीकर एकत्र वाजवायचे असतील, तर दोन्ही एकाच निर्मात्याचे आणि परस्परांशी जोडी जमवण्याची सोय असलेले घ्यावेत. ‘वाय-फाय’वर चालणारे स्पीकर या बाबतीत अधिक शिस्तीचे असतात. ते एक सामाईक घड्याळ मानतात, त्यामुळे चार खोल्यांतील गाणे एकाच वेळी वाजते. मात्र ही शिस्त राखण्यासाठी त्यांतील काही पद्धतींत गाणे सुरू होण्यास सेकंद-दोन सेकंद लागतात.

ज्यांच्यासाठी ही केवळ गैरसोय नाही

वयोमानाने ऐकू कमी येऊ लागले की माणूस नकळत समोरच्याच्या ओठांकडे पाहू लागतो. घरातील आजी-आजोबांना बातम्या ऐकू याव्यात म्हणून त्यांच्या खुर्चीजवळ ‘ब्लूटूथ’ स्पीकर ठेवला जातो. हेतू चांगला, पण आवाज मोठा होऊनही ‘नीट कळत नाही’ ही तक्रार कायम राहते. ओठ एक शब्द सांगतात आणि कान आधीचा, असे झाल्यावर डोळ्यांचा आधार उलट गोंधळात भर घालतो. अशा वेळी आवाज वाढवण्यापेक्षा स्पीकर तारेने जोडणे अधिक उपयुक्त ठरते. दूरचित्रवाणीसाठी मिळणारे काही बिनतारी हेडफोन ‘ब्लूटूथ’ऐवजी थेट रेडिओ पद्धतीने चालतात. त्यांतील साध्या ‘अॅनालॉग’ संचांत विलंब जवळपास नसतोच. ‘टेलिकॉइल’ची सोय असलेल्या श्रवणयंत्रांसाठी काही सभागृहांत चुंबकीय वलय बसवले जाते, त्यातही आवाज तत्काळ पोहोचतो.

याच गरजेतून ‘ब्लूटूथ’च्या नव्या पिढीची आखणी झाली. ‘एलई ऑडिओ’ ही पद्धत जानेवारी २०२०मध्ये जाहीर झाली आणि तिची नियमावली २०२२ मध्ये पूर्ण झाली. तिच्यातील ‘एलसी३’ ही संक्षेपपद्धत कमी माहितीत चांगला आवाज देते, विलंब बराच कमी ठेवता येतो आणि श्रवणयंत्रांचाही विचार आरंभापासून करण्यात आला आहे. ‘ऑराकास्ट’ या सुविधेद्वारे एका ठिकाणाहून निघालेला आवाज अनेकांना एकाच वेळी आपापल्या यंत्रावर ऐकता येतो.

मात्र येथे ग्राहकाने सावध राहावे. खोक्यावर ‘ब्लूटूथ ५.३’ असे छापले म्हणजे ‘एलई ऑडिओ’ आहेच, असे नाही. या सुविधा ऐच्छिक असतात. तसेच कमी विलंबाची कोणतीही पद्धत दोन्ही बाजूंना असल्याशिवाय लागू होत नाही. ‘एपीटीएक्स लो लेटन्सी’ या पद्धतीत विलंब सुमारे ४० मिलिसेकंदांपर्यंत खाली येतो, पण मोबाइल किंवा संच आणि स्पीकर, दोघांतही ती हवी. एकात नसेल, तर दोघे मुकाट्याने दोघांना येणाऱ्या जुन्या पद्धतीवर उतरतात आणि ग्राहकाला त्याचा पत्ताही लागत नाही. ‘आयफोन’ ‘एसबीसी’ आणि ‘एएसी’ यांवर चालतो. ‘एपीटीएक्स’साठी जादा पैसे मोजलेला स्पीकर त्याच्याशी जोडून तो लाभ मिळत नाही.

जोडणी करताना

* स्पीकर जोडणीच्या स्थितीत आणण्यासाठी ‘ब्लूटूथ’ची कळ दिवा लुकलुकू लागेपर्यंत दाबून धरावी. मग मोबाइलच्या यादीतून त्याचे नाव निवडावे. जुन्या स्पीकरने संकेतांक मागितल्यास बहुधा ‘००००’ चालतो.
* नाव दिसत नसेल, तर स्पीकर आधीच घरातील दुसऱ्या मोबाइलशी जोडला गेलेला असण्याची शक्यता असते. त्या मोबाइलचे ‘ब्लूटूथ’ बंद करावे. तरीही न जमल्यास दोन्हीकडील जुनी नोंद पुसून नव्याने जोडणी करावी.
* स्पीकर आणि मोबाइल यांच्यात भिंत, लोखंडी कपाट किंवा मायक्रोवेव्ह नसावा. ‘वाय-फाय’ राउटरपासूनही दोघांना दूर ठेवावे. शक्य असल्यास राउटर ५ गिगाहर्ट्झवर चालवावा.
* स्पीकरच्या अॅपमध्ये ‘लो लेटन्सी’ किंवा ‘गेमिंग’ असा पर्याय असल्यास तो वापरून पाहावा. त्यात साठा लहान होतो, म्हणून आवाज तुटू लागल्यास पूर्ववत करावा.
* मोबाइल, संच आणि स्पीकर यांची प्रणाली अद्ययावत ठेवावी. जुळणीतील काही दोष अशा सुधारणांमध्ये दूर केले जातात.

विलंब घरीच मोजा

त्यासाठी उपकरणांची गरज नाही. टाळी वाजवणाऱ्या व्यक्तीचा किंवा पडदा चमकताच ‘टिक’ होणारा व्हिडिओ संचावर लावावा. स्पीकर पडद्याजवळ ठेवून दुसऱ्या मोबाइलने पडद्याचे चित्रीकरण करावे. मग ते चित्रीकरण संगणकावरील एखाद्या संकलनाच्या प्रोग्रॅममध्ये एकेक चित्र पुढे सरकवत पाहावे. टाळी दिसल्यापासून आवाजाची रेघ उमटेपर्यंत किती चित्रे गेली ते मोजावे. सेकंदाला ३० चित्रांच्या चित्रीकरणात एक चित्र सुमारे ३३ मिलिसेकंदांचे असते. तीन चित्रांपर्यंतचा फरक बहुतेकांच्या लक्षात येणार नाही. सहा किंवा अधिक चित्रे भरल्यास तार जोडणे उत्तम. हीच चाचणी स्पीकर तारेने जोडून पुन्हा केली की दोष ‘ब्लूटूथ’चा आहे की संचाचा, हेही उघड होते.

खरेदीपूर्वी दुकानातही याची परीक्षा घेता येते. स्वतःचा मोबाइल नेऊन तो स्पीकरला जोडावा आणि पियानोचे एखादे अॅप उघडून पट्टी दाबावी. व्हिडिओ लावून खरा विलंब कळणार नाही, कारण तेथे चित्र रोखलेले असते. दूरचित्रवाणीसाठी स्पीकर हवा असेल, तर त्याला ‘ऑक्स’, ‘ऑप्टिकल’ किंवा ‘एचडीएमआय’चे छिद्र आहे ना, हे आधी पाहावे. आणि घरात असलेल्या स्पीकरचा आवाज मागे पडत असेल, तर नव्याच्या शोधात निघण्यापूर्वी त्याच्या मागच्या बाजूला ‘ऑक्स’चे छिद्र आहे का, ते तपासावे. साध्या तारेने भागत असेल, तर मोठा खर्च वाचेल.